मागच्या रांगांतला दोष बँडचा नव्हता, आमच्या सभागृहाचा होता

नमस्कार. शेवटून दुसऱ्या रांगेत गाण्याचे शब्द कळेनात, ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला, गायक दोन गाण्यांत सुरातून सुटला आणि शेवटची चार गाणी झालीच नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. इतक्या वर्षांच्या आवडत्या बँडने निराश केलं, हेही. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा ठपका बँडवर बसू नये.

तुमची खुर्ची स्टेजच्या मुख्य स्पीकरपासून ३८ मीटरवर आणि छताला टांगलेल्या मागच्या स्पीकरपासून ६ मीटरवर आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे या ३२ मीटरच्या फरकाला साधारण ९३ मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर तेवढा थांबवून वाजवावा लागतो. वर आणखी १० मिलिसेकंद दिले की आवाज स्टेजवरूनच येतोय असं कानाला वाटतं. त्या दिवशी ही वेळ ठरवणाऱ्या यंत्रात, म्हणजे प्रोसेसरमध्ये, आधीच्या कार्यक्रमाचं सेटिंग तसंच राहिलं. त्या वेळी स्टेज २० मीटर पुढे होतं आणि डिले, म्हणजे मागचा स्पीकर थांबवण्याची वेळ, फक्त ४५ मिलिसेकंद. त्यामुळे डोक्यावरचा आवाज आधी पोचला आणि स्टेजवरचा ४८ मिलिसेकंदांनी मागून आला. एवढ्या फरकाने ठोका फुटतो, आणि क, त, स यांसारखी व्यंजनं एकमेकांत मिसळतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः त्यांच्यावरूनच. आवाज मोठा करायला हवा होता, असं तुम्ही सुचवलंत. त्याने दोन्ही आवाज वाढले असते, गोंधळ तसाच राहिला असता. आवाज जुळवणारा मिक्सर सभागृहाच्या मध्यावर असतो, तिथे हा दोष कळत नाही. साउंड चेकच्या वेळी शेवटच्या रांगेत जाऊन ऐकायला हवं होतं. आम्ही ते केलं नाही.

गायकाचा सूर सुटला कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याचा माइक सुपरकार्डिऑइड होता. असा माइक बरोबर मागून येणारा आवाज थोडा पकडतो. सर्वांत कमी पकडतो तो समोरच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर. आमच्या माणसांनी मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, थेट माइकच्या पाठीमागे ठेवला, त्याचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजू लागली, मग मॉनिटरचा आवाज उतरवावा लागला. प्रेक्षक गाऊ लागल्यावर उरलासुरलाही बुडाला. अशा वेळी कसलेला गायकही चढतो किंवा उतरतो. दोन मॉनिटर तिरके, दोन्ही बाजूंना ठेवले असते तर हे टळलं असतं.

चार गाणी गेली ती वेळेअभावी. पहिल्या बँडनंतरची मांडामांड २० मिनिटांची होती, तिला ५५ लागली, आणि बंद करण्याची वेळ आम्हाला पुढे ढकलता येत नाही.

जुनी गाणी खालच्या पट्टीत झाली, ही तुमची तक्रार मात्र वेगळी आहे. ती निवड बँडची. दीड-दोन तास सलग गाताना बरेच गायक पट्टी उतरवतात.

आता स्टेज हलवलं की डिले नव्याने मोजला जातो आणि प्रेक्षकांना आत घेण्याआधी शेवटच्या सात रांगांत फिरून ऐकलं जातं. त्या सात रांगांच्या तिकिटांची पूर्ण रक्कम आम्ही परत करतोय. ऑनलाइन तिकिटांची त्याच खात्यात जमा होईल. खिडकीवर घेतलं असेल तर तिकिटाचा तुकडा आणा. तो हरवला असेल तर रांग आणि खुर्चीचा क्रमांक सांगा, आमच्या नोंदीतून पडताळून घेऊ.