दारू मोजणारा जावई

काल सासऱ्यांनी फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "किती वर्षं झाली म्हणायची?"

"बारा!" मी छाती फुगवून सांगितलं. म्हटलं, माझ्या छंदाची चौकशी निदान एकाने तरी केली.

मी घरी काडतुसं भरतो. इथे टेक्सासमध्ये स्वतःपुरती भरायला परवाना लागत नाही. नेमबाजीच्या रेंजवर कंबर मोडेस्तोवर वेचलेल्या नऊ मिलिमीटरच्या रिकाम्या केसेस, म्हणजे पितळी पुंगळ्या, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, मोजून दारू, वर गोळी. गेल्या आठवड्यात मावससासूबाई पुण्याहून आल्या आणि तिसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये शिरल्या.

टंबलरमध्ये, म्हणजे घुसळणाऱ्या डब्यात, अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालून पितळ घासतात, हे ऐकून त्या खुर्चीत बसल्याच. "अक्रोड? चिंच नाही मिळत इथे?"

"टरफलं हो, मावशी."

"मग आतला गर कोण खातं?"

तराजूपाशी मात्र रमल्या. पाउंडात 7000 ग्रेन, आणि आपली सोनाराची गुंज म्हणजे जेमतेम दोन ग्रेन, असं सांगितल्यावर मान डोलावली. "नाजूक काम हो. वाचतात किती?"

आलाच तो प्रश्न! काडतुसामागे चार पैसे वाचतात, म्हणून मी दुप्पट उडवतो. त्यात 2020 नंतर प्रायमर दुकानांतून गायबच झाले. तीस-चाळीस डॉलरला मिळणारे हजार प्रायमर शंभरावर गेले. शेजारी बोट बाळगून आहे, वर्षातून दोनदा पाण्यात घालतो. त्याला विचारतं का कोणी?

"आयती मिळत नाहीत?"

"मिळतात."

"मग?"

दिवाळीला चकल्या घरी का करता, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

रात्री साडेनऊला, म्हणजे पुण्यात सकाळी आठला, मावशी फोनवर: "रोज गॅरेजचं दार लावून एकटाच बसतो गं. पण दारू अगदी मोजून हो, कणभर जास्त नाही!" बायको शेजारी भाजी निवडत होती. खुलासा करायचा सोडून फिदीफिदी हसली.

आणि मी काडतुसं भरायच्या प्रेसवर बसताना बियरलासुद्धा शिवत नाही! एका केसमध्ये चुकून दोनदा दारू पडली तर पिस्तूल हातात फुटेल.

तर सासरे. "एक डबा किती दिवस जातो?"

"पाउंडाचा? चार महिने आरामात."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग सुस्कारा.

"म्हणजे तसं हाताबाहेर नाही गेलेलं."