तोंड झाकलेल्या साहेबांना ओळखण्याची रीत

अमेरिकेत राहणाऱ्या, राहू पाहणाऱ्या आणि मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने जाऊन येणाऱ्या तमाम मराठी मंडळींना काही आपुलकीच्या सूचना. तिथे इमिग्रेशनचे अधिकारी तोंड झाकून धरपकड करत फिरतात, म्हणून.

सर्वप्रथम, आपली ओळख सतत खिशात ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे ग्रीन कार्ड असेल तर ते, कायम जवळ बाळगावे असा तिथला जुनाच कायदा आहे. इतकी वर्षे तो कोणी फारसा मनावर घेत नव्हते. एप्रिल २०२५ पासून सरकारने घेतला आहे. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता आणायला निघालात तरी आधी खिसा चाचपा. कढीपत्ता विसरला तर फोडणी बिघडेल, कार्ड विसरले तर गुन्हा होईल.

समोरच्याला मात्र ओळख विचारण्याची घाई करू नका. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने अटक करताना ‘शक्य आणि सुरक्षित होताच’ आपण अधिकारी असल्याचे सांगावे, असा नियम आहे. शक्य कधी होते आणि सुरक्षित कधी वाटते हे तेच ठरवणार. नाव सांगावे असे त्यात नाही, तेव्हा ‘साहेब’ म्हणून भागवा.

मग साहेब ओळखायचे कसे? डोक्यावर बेसबॉलची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापासून गळ्यापर्यंत ओढून घेतलेले कापड, खाली जीन्स, वर गोळी अडवणारे जाकीट. जाकिटावर ठळक अक्षरांत ‘पोलीस’. गावच्या पोलिसांशी त्यांचा संबंध नसतो, पण त्याने बिचकू नका. ही अक्षरे बरेचदा वेल्क्रोवर चिकटवलेली असतात. टर्रकन ओढली की निघतात, आणि तशीच पट्टी ऑनलाइन कोणालाही मागवता येते. गाडी काळ्या काचांची, बिनखुणेची.

मार्च २०२५ मध्ये बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये टफ्ट्स विद्यापीठाची एक तुर्की विद्यार्थिनी इफ्तारला निघाली होती. साध्या वेशातल्या माणसांनी तिला भर रस्त्यात घेरले आणि हातातला फोन काढून घेतला. बघणाऱ्या कोणीतरी विचारले, तुम्ही पोलीस तर दिसत नाही, तोंडे का झाकलीत? किती हा भोचकपणा! मुलीने विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात इतरांसोबत एक लेख लिहिला होता, आणि त्याखाली नाव छापण्याचा बावळटपणा केला होता. तुम्ही लिहिणारे असाल तर अधिकाऱ्यांकडून शिका.

आपल्याकडे बहुरूपी दारात येतो. खाकी घालून, दंडुका आपटून ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ म्हणून दरडावतो. पोरे घाबरली की हसतो, आपण बहुरूपी असल्याचे सांगतो आणि बक्षिसी घेऊन पुढच्या घरी जातो. त्याचे वॉरंट खोटे असते, पण तोंड उघडे असते. अमेरिकेतले वॉरंट खरे असते. फक्त त्यावर न्यायाधीशाची सही असेलच असे नाही. ज्या खात्याला पकडायचे असते त्याच खात्याचा अधिकारी सही करतो, तेवढेच काम सुटसुटीत.

मुखवटा का, असे विचाराल तर उत्तर तयार आहे. आयसीई, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणारे केंद्रीय खाते, त्याचे २०२५ मधले कार्यवाहक प्रमुख टॉड लायन्स सांगून चुकले आहेत की अधिकाऱ्यांची नावे-पत्ते इंटरनेटवर पसरवले जातात, बायकापोरांना धमक्या येतात. धमक्या खोट्या नाहीत. पण जन्मठेप देणारे न्यायाधीश त्याच इंटरनेटच्या जगात उघड्या तोंडाने बसतात, समोर नावाची पाटी ठेवून. त्यांना बहुधा घरदार नसावे.

तुम्ही मात्र तोंड झाकू नका! जून २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निदर्शनांत मुखवटे चालणार नाहीत असे जाहीर केले आणि या लोकांना लपवायचे तरी काय आहे, असा सवाल टाकला. सवाल बिनतोड आहे. फक्त कोणाला विचारायचा, एवढेच तारतम्य हवे. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीला ते बरोबर जमले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकण्यावर बंदी आली. आजारपणाची आणि धार्मिक कारणे वगळून, एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. जुलै २०२५ मध्ये तिथल्याच प्रमुखांनी आदेश काढून पोलिसांना आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना त्यातून मोकळे केले.

काही खोडसाळ मंडळी कायदे करत सुटली आहेत. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये दोन केले: एक मुखवट्यांविरुद्ध, दुसरा नाव किंवा बिल्ला क्रमांक दिसलाच पाहिजे असा. केंद्र सरकार नोव्हेंबरमध्ये कोर्टात गेले. नाव दिसले तर देश चालायचा कसा? खरे तर दंगल-निदर्शनांच्या वेळी केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नाव किंवा क्रमांक दाखवावा असा कायदा २०२१ पासून आहेच. २०२० मध्ये पोर्टलंडमध्ये बिनखुणेच्या गाड्यांतून माणसे उचलली गेली, त्यानंतरचा तो. पण साहेब दंगलीची वाट बघत नाहीत. तुम्ही पोराला शाळेत सोडत असता तेव्हा येतात.

भारतात जाऊन सुटका होईल म्हणाल, तर अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितले आहे. तिचे काय होते ते, साध्या वेशातले पथक ज्यांच्या घरी येऊन गेले त्यांना विचारा.

आता तोतयांचा प्रश्न. जून २०२५ मध्ये मिनेसोटात पोलिसी वेशात, मुखवटा चढवून आलेल्या माणसाने आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला घरात गोळ्या घातल्या. आयसीईचे सोंग घेऊन लुटणाऱ्यांबद्दल त्याच वर्षी एफबीआयने इशारा दिला. खरा कोण, खोटा कोण? त्यात वेळ घालवू नका. दोघांपुढे करायचे एकच, हात वर.

एवढे करूनही तक्रार करावीशी वाटली, तर गृहसुरक्षा खात्यात त्यासाठी नागरी हक्कांचे कार्यालय होते. मार्च २०२५ मध्ये तिथले बहुतेक कर्मचारी घरी पाठवायचे ठरले. तरी अर्ज कराच. कोणाविरुद्ध, या रकान्यात नीट लिहा: उंची मध्यम, टोपी, चष्मा, कापड.