सात दिवसांत सुरकुत्या जातात म्हणे: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घरच्या, सोसायटीच्या, जुन्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. सारांश असा: अंड्याचा पांढरा बलक चेहऱ्याला लावा, सात दिवसांत सुरकुत्या जातात, वर लिंबाचा रस चोळा, त्यात व्हिटॅमिन सी असतं, आपल्या गव्हाळ त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, खोबरेल तेल पुरतं, चेहऱ्याचे व्यायाम करा, भरपूर पाणी प्या, कोलेजनची पावडर घ्या, आणि सुरकुत्यांच्या क्रीममधल्या रेटिनॉलसारख्या ‘केमिकल’च्या वाटेला जाऊ नका, त्याने त्वचा पातळ होते. यातलं सगळंच खोटं नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच गोष्टीला चिकटवलेलं आहे.

‘अंड्याचा पांढरा बलक लावा, सात दिवसांत फरक’

फरक सात दिवसांत कशाला, पंधरा मिनिटांत दिसतो. बलकातली प्रथिनं वाळताना आकसतात आणि हातावर वाळलेल्या डिंकासारखा पातळ पापुद्रा त्वचेला ताणून धरतो. डोळ्यांखालच्या बारीक रेषा तेवढ्यापुरत्या सपाट होतात. चेहरा धुतला की ताण गेला, रेषा परत आल्या. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतो, त्यामुळे ओठांजवळ किंवा खरचटलेल्या जागी बलक लावणं शहाणपणाचं नाही.

‘मला फायदा झाला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात, हेही इथेच सांगायला हवं. कोरडेपणाने पडलेल्या बारीक रेषा आणि खरी सुरकुती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोरडेपणाच्या रेषा त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात असतात. ओलावा मिळाला की त्या काही मिनिटांत बुजतात. साय, मध, कोरफड, ग्लिसरीन, साधं पेट्रोलियम जेली, कशानेही. खरी सुरकुती त्याच्या खालच्या थरात असते. तिथले कोलेजन आणि इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षं तुटत जातात आणि नवे पुरेसे तयार होत नाहीत. वरून लावलेला बलक तिथवर पोहोचतच नाही: साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून आत जात नाहीत आणि बलकातलं मुख्य प्रथिन ४० हजार डाल्टनच्या पुढचं आहे.

ओळखायची सोपी रीत अशी. रात्री चेहरा धुऊन, तो ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा. सकाळी आरशात ज्या रेषा दिसत नाहीत त्या कोरडेपणाच्या होत्या. ज्या उरल्या, त्यांच्याबद्दल पुढचं बोलणं.

‘लिंबाच्या रसातून व्हिटॅमिन सी मिळतं’

हा मेसेजमधला सर्वांत धोक्याचा भाग. व्हिटॅमिन सी त्वचेसाठी उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ते आत शिरायचं तर एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) १० ते २० टक्के हवं आणि द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.५ च्या खाली हवा. लिंबाचा रस आंबट आहे, म्हणजे पीएचची अट तो पुरी करतो. मात्रेत मार खातो. १०० मिली रसात व्हिटॅमिन सी असतं साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.०५ टक्के. चेहऱ्याला लावायच्या तयार सीरममध्ये त्याच्या किमान दोनशे पट.

मात्रा नाही, अपाय मात्र पुरेपूर. रसाचा पीएच सव्वादोनच्या आसपास, त्वचेचा साधारण ५. त्यात आपलं कागदी लिंबू: त्याच्या सालीत आणि रसात फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर उन्हातल्या यूव्हीए या अतिनील किरणांनी ती चेततात आणि त्वचा भाजते. लाली-फोड लगेच दिसत नाहीत, साधारण एका दिवसानंतर उमटतात आणि दोन-तीन दिवसांत वाढतात, म्हणून लिंबावर कुणाचा संशय जात नाही. मागे राहणारे तपकिरी डाग आठवडे, कधी महिने टिकतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर जास्तच. काही मेसेजमध्ये सोबत खायचा सोडा घालायला सांगतात. तो उलट्या टोकाचा, पीएच ८ च्या वर. आधी आम्ल, मग अल्कली, म्हणजे त्वचेच्या वरच्या संरक्षक थराची दोन्हीकडून नासधूस.

व्हिटॅमिन सी हवंच असेल तर गडद बाटलीतलं सीरम घ्या आणि सकाळी तीन-चार थेंब सनस्क्रीनच्या आधी लावा. द्रावण गडद पिवळं-तपकिरी झालं की ते टाकून द्या. महागाचं आहे म्हणून वर्षभर पुरवलं तर शेवटचे कित्येक महिने आपण नुसतं रंगीत पाणी लावत असतो.

‘आपल्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, खोबरेल तेल पुरतं’

यात निम्मं खरं आहे. त्वचेतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, संरक्षण देतं आणि आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच वर्षं उशिरा दिसतात. पण ते संरक्षण किती, हे १९७९ मध्येच मोजून झालं आहे. काळ्या त्वचेच्या वरच्या थरातून सरासरी ७.४ टक्के यूव्हीबी (अतिनील किरणांचा दुसरा प्रकार) आत गेले, गोऱ्या त्वचेतून २४ टक्के. यूव्हीए मात्र काळ्या त्वचेतूनही १७.५ टक्के आत गेले. आपली बहुतेकांची त्वचा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. त्वचा लाल होते ती मुख्यतः यूव्हीबीने, आणि आपण सहसा लाल होत नाही म्हणून ऊन लागलंच नाही असं वाटतं. यूव्हीए खोलवर जाऊन कोलेजन तोडणारी विकरं (एन्झाइम) जागी करतात. त्याचं ना दुखणं, ना खुपणं.

ते काचेतूनही येतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. चेहऱ्याची डावी, खिडकीकडची बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी पुष्कळ बरी. माणूस एक, वय एक, खाणंपिणं एक. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा ही बाजू उजवी धरायची.

सनस्क्रीनने खरंच फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावात १९९२ ते १९९६ या काळात हे तपासलं गेलं. ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांपैकी काहींना रोज एसपीएफ १५ चं (एसपीएफ म्हणजे यूव्हीबी अडवण्याच्या ताकदीचा आकडा) सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली. रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वय वाढण्याची खूण २४ टक्के कमी होती. ती माणसं बहुतांशी गोरी होती, त्यामुळे तोच आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. पण आपल्याकडे सनस्क्रीनचा दुसरा, बहुतेकांना आधी दिसणारा फायदा आहे: वांग आणि काळे डाग आटोक्यात राहतात. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक चांगलं, कारण वांग दृश्य प्रकाशानेही वाढतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

आता तेल. खोबरेल तेलाचा एसपीएफ ८ असल्याचा दाखला दिला जातो, तो २०१० मधल्या एका प्रयोगाचा. त्यात तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रातून प्रकाश सोडला होता आणि मोजणी २९० ते ३२० नॅनोमीटरची, म्हणजे फक्त यूव्हीबीची होती. माणसाच्या चेहऱ्यावर काही लावलंच नव्हतं. खोबरेल तेल चांगलंच आहे, पण रात्री, ओलसर त्वचेवर, दोन-तीन थेंब. मुरमं येत असतील तर तेही नको.

सनस्क्रीन वापरूनही उपयोग नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा चूक मात्रेत असते. डबीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो. लोक लावतात त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. साधारण एक ग्रॅम. या हिशेबाने दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. ती सहा महिने पुरत असेल तर लेबलवर एसपीएफ ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर ५० नाही. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. तेव्हा आकड्यापेक्षा प्रमाण पाहा. यूव्हीएसाठी लेबलवर पीए+++ किंवा त्याहून वरची खूण हवी. बाहेर निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा, उन्हात किंवा घामात असाल तर दोन तासांनी पुन्हा. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेत द्रव्यं बिघडतात, मलम फाटतं.

पुण्यात दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ उपयोगी आहे, पण कापड घट्ट विणीचं आणि गडद हवं. पातळ पांढऱ्या सुती ओढणीतून बरंच ऊन आत येतं, आणि कपाळ नि डोळ्यांच्या कडा उघड्याच राहतात, जिथे सुरकुत्या आधी पडतात.

‘चेहऱ्याचे व्यायाम करा, पाणी प्या’

व्यायामावर २०१८ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला एक छोटा अभ्यास आहे. ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांनी सुरुवात केली, १६ टिकल्या. आठ आठवडे रोज अर्धा तास, मग आणखी बारा आठवडे एक दिवसाआड. गाल थोडे भरल्यासारखे दिसले. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. कपाळावरच्या आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी व्यायाम सुचवणं तर उफराटं आहे: त्या आठ्या स्नायूंच्या आकसण्यानेच पडतात, आणि बोटॉक्स त्यांवर चालतं ते तोच स्नायू तीन-चार महिने सैल ठेवून.

पाणी तहान लागेल तसं प्या. पोटातून आलेलं जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं, सुरकुतीत जाऊन बसत नाही.

‘कोलेजनची पावडर घ्या’

कोलेजनचं क्रीम तर निव्वळ मॉइश्चरायझर. कोलेजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा, तो आत जाण्याचा प्रश्नच नाही. पावडर पोटात पचून तिचे तुकडे होतात. ते तुकडे त्वचेला काही संदेश देतात असा दावा आहे आणि काही चाचण्यांत थोडा फायदा दिसलाही. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा कंपन्यांच्या पैशाने न झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. महिन्याचे हजार-दोन हजार रुपये त्यावर घालण्याऐवजी सनस्क्रीन योग्य मात्रेत लावा.

‘रेटिनॉलने त्वचा पातळ होते’

नेमकं उलट. सुरकुत्यांवर ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम, तेच औषध हा मेसेज टाळायला सांगतो. रेटिनॉलच्याच, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुळातल्या ट्रेटिनॉइन या औषधाचा उन्हाने झिजलेल्या त्वचेवरचा परिणाम १९८६ पासून नोंदला गेला आहे. १९९३ मध्ये त्वचेचे नमुने काढून पाहिलं तेव्हा १०-१२ महिन्यांच्या वापरानंतर नव्या कोलेजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली. औषधाविना नुसतं क्रीम लावणाऱ्यांत ती १४ टक्क्यांनी घटली होती. १९९५ मध्ये अमेरिकेत ०.०५ टक्क्यांच्या क्रीमला बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली. रेटिनॉल त्याचंच सौम्य रूप. त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत त्याचं रेटिनॉइक ॲसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन होतं.

मग पातळ होण्याची भीती आली कुठून? पहिल्या दोन-चार आठवड्यांत पापुद्रे निघतात, ते एक कारण. दुसरं गंभीर आहे. गोरेपणासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय नेली जाणारी काही क्रीम्स तीन औषधांची असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, ते स्टिरॉइडमुळे. बदनाम होतं ट्रेटिनॉइन. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर सुरकुत्यांसाठी ती हातातही घेऊ नका.

ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. सुरुवात ०.०२५ टक्क्यांनी, किंवा ०.२ ते ०.३ टक्के रेटिनॉलने. फक्त रात्री, कारण उजेडात ट्रेटिनॉइन निकामी होतं. चेहरा धुऊन वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि चुरचुरतं. संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका दाण्याएवढं: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटीवर ठिपके देऊन पसरा. नाकपुड्यांच्या, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेली लावा. पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदाच, मग एक रात्र सोडून. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. त्याच रात्री ग्लायकोलिक ॲसिड किंवा स्क्रब नको. लाली आणि आग टिकली तर चार-पाच दिवस थांबा. रेटत राहिलात तर आपल्या त्वचेवर सुरकुतीऐवजी काळा डाग पदरात पडतो. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि नाकापासून ओठांपर्यंतची खोल घडी क्रीमने जात नाही.

अप्परलिप किंवा भुवयांचं वॅक्सिंग करायचं असेल तर आधी किमान आठवडाभर त्या जागी हे लावणं बंद ठेवा, नाहीतर मेणासोबत सालटं निघतं. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल दोन्ही बंद. सनस्क्रीन मात्र तेव्हाही चालू ठेवा. गरोदरपणात वांग वाढतो.