‘तीस वर्षं झाली, औषध कुठाय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गॅमा-डेल्टा टी पेशींवरच्या (म्हणजे कॅन्सरवर वापरता येतील का म्हणून तपासल्या जाणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या एका वेगळ्या जातीच्या पेशींवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं. मेहुण्यांना पित्ताशयाचा कॅन्सर झालाय आणि नातेवाईक रोज ‘नवी आशा’ छापाचं काहीतरी फॉरवर्ड करताहेत, तेव्हा माझ्या लेखाचा राग येणं साहजिक आहे. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: तीस वर्षं संशोधन चालू आहे आणि औषध एकही नाही; याच पेशी गाठ वाढवायलाही हातभार लावतात आणि मी ते एका वाक्यात उरकलं; हे सगळं परदेशी प्रयोगशाळांचं कौतुक आहे, इथल्या पेशंटला त्यातून काही मिळत नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरा वजनदार तोच आहे. गॅमा-डेल्टा पेशींचा एक गट इंटरल्यूकिन-१७ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. हे पित्ताशयाच्याच कॅन्सरमध्ये दाखवलं गेलंय, आणि तेही आपल्या खारघरला. टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन केंद्रातल्या शुभदा चिपळूणकर यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ज्या रुग्णांत या इंटरल्यूकिनवाल्या पेशी जास्त, त्यांचं आयुर्मान कमी. आता गंमत बघा. १९९९ मध्ये याच प्रयोगशाळेने दाखवलं होतं की तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवरचं एचएसपी-६० हे प्रथिन गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात. म्हणजे मारणाऱ्याही त्याच आणि गाठीला पोसणाऱ्याही त्याच? तसं नाही. ‘गॅमा-डेल्टा’ हे आडनाव झालं, घरात माणसं वेगवेगळी. म्हणून तर उपचारासाठी सरसकट सगळ्या पेशी वाढवत नाहीत. ठराविक उपप्रकार निवडतात, प्रयोगशाळेत वाढवतात, त्या इंटरफेरॉन-गॅमा हे गाठीविरुद्ध लढायला मदत करणारं प्रथिन बनवतात की नाही ते तपासतात आणि मगच शिरेतून देतात. तुमचा आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून ‘यांचा नाद सोडा’ असं निघत नाही, ‘निवडून घ्या’ असं निघतं.

आणि हो, ‘इथे काहीच होत नाही’ या तिसऱ्या मुद्द्याचं अर्धं उत्तर खारघरने दिलंच.

आता तीस वर्षांचं. उशीर का झाला, हे झोलेड्रोनिक ॲसिडच्या गोष्टीवरून चांगलं कळतं. हाडांत कॅन्सर पसरला की देतात तेच हे इंजेक्शन, कॅन्सर वॉर्डात सगळ्यांच्या ओळखीचं. ते पेशीतल्या कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतली एक पायरी अडवतं. त्यामुळे आयपीपी नावाचा छोटा रेणू पेशीत साचतो आणि आपल्या रक्तात सर्वाधिक असणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी, म्हणजे व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२, चवताळून उठतात. मग काय, याच जातीची औषधं आणि सोबत टी पेशींना वाढायला लावणारं इंटरल्यूकिन-२ असे प्रयोग सुरू झाले. जर्मनीतल्या एका गटाने २००३ मध्येच लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ते करून पाहिले. काहींना थोडाफार फायदा झाला, बऱ्याच जणांना नाही. डोस पुन्हापुन्हा दिले की पेशी थकून जायच्या.

पण साचलेला आयपीपी पेशीच्या आत असतो. बाहेरच्या टी पेशीला त्याची वर्दी लागते कशी? ब्युटायरोफिलिन नावाची पृष्ठभागावरची प्रथिनं ती वर्दी बाहेर पोचवतात, हे २०१२ मध्ये कळलं, आणि त्यांचं जोडीदार प्रथिन सापडायला २०२० उजाडलं. म्हणजे तुमच्या तीसपैकी बहुतेक वर्षं डॉक्टर ज्या पेशी उठवत होते त्या नेमकं काय बघून उठतात हेच ठाऊक नव्हतं. ब्युटायरोफिलिनवरच थेट बेतलेल्या अँटीबॉडीच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या. तेव्हा तीस वर्षांचा हिशोब मांडायचा तर तो इथून मांडायला हवा, असं माझं मत.

‘मग एवढा खटाटोप कशाला, नेहमीच्या टी पेशी काय वाईट?’ असंही तुम्ही विचारलंय. वाईट नाहीत, पण त्यांना एचएलए रेणूवर (पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवणाऱ्या रेणूवर) मांडलेला तुकडाच दिसतो, आणि बिलंदर गाठ एचएलएच काढून टाकते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आतड्याच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये हेच तपासलं. एचएलए गमावलेल्या गाठींवर पीडी-१ (टी पेशींना आवरणारा ब्रेक) रोखणारी औषधं चालायला नको होती, तरी चालत होती. गाठीत पाहिलं तर तिथे गॅमा-डेल्टा पेशी कामाला लागलेल्या. याउलट २०१५ च्या एका अभ्यासातला तो प्रसिद्ध तक्ता, ‘गॅमा-डेल्टा असतील तर रुग्ण जास्त जगतो’ वाला, मी मुद्दाम वापरला नव्हता. त्यात पेशी मोजलेल्या नाहीत, जनुकांच्या नोंदींवरून अंदाज बांधलाय, आणि त्या नोंदी एनके (‘नॅचरल किलर’) या दुसऱ्याच मारक पेशींशी सहज मिसळतात.

गॅमा-डेल्टा पेशींना एचएलएशी देणंघेणं नसल्यामुळे दात्याच्या पेशी दुसऱ्याला देता येण्याची शक्यता उघडते. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या सीएआर-टी उपचारासाठी (म्हणजे टी पेशींत बदल करून त्यांना कॅन्सर ओळखायला लावणाऱ्या उपचारासाठी) प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढून घडवाव्या लागतात, आणि अमेरिकेपेक्षा कितीतरी स्वस्त असूनही खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. एका दात्याकडून अनेकांसाठी डोस करून ठेवता आले तर हे गणित बदलेल. अजून बदललेलं नाही. दात्याच्या गॅमा-डेल्टा पेशींनी लिम्फोमाच्या गाठी विरघळवल्या, पण बऱ्याच जणांत परिणाम टिकला नाही. एनकेटी या टी पेशींच्या आणखी एका वेगळ्या जातीचंही उदाहरण घ्या. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना त्यांच्याच एनकेटी पेशी बदल करून दिल्या. तिघांना प्रतिसाद मिळाला, त्यांतल्या एकात आजार पूर्ण दिसेनासा झाला. आकडा लहानच आहे. मात्र ही सगळी इतर उपचार हरलेली मुलं होती आणि आजार घन गाठींचा, जिथे नेहमीच्या सीएआर-टीची मात्रा सहसा चालत नाही.

शेवटी मेहुण्यांबद्दल. एका क्लिनिकने ‘इम्यून सेल थेरपी’चे पाच लाख सांगितलेत, असं तुम्ही लिहिलंय. यातली कुठलीही पेशी पित्ताशयाच्या कॅन्सरवर मान्यताप्राप्त उपचार नाही, त्यामुळे ती कायदेशीरपणे फक्त चाचणीत मिळू शकते. चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, नैतिकता समितीची मंजुरी असते, आणि प्रायोगिक औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका, आणि क्रमांक दिलाच तर इथे लिहा, मी नोंद उघडून त्यात पित्ताशयाचे रुग्ण घेताहेत का ते बघून सांगतो.