आजींवर हसण्याआधी आर्मेरोचं वाचा

सकाळपासून डोकं फिरलंय. पहाटे पुन्हा जमिनीतून तो आवाज आला. लातूरकडच्यांना तो कसा असतो हे सांगायला नको. गल्लीतल्या एका आजींनी बाज ओढत अंगणात आणली आणि नातवंडांना बाहेर घेतलं. कुण्या पोरानं त्याचा रील केला, वर गाणं लावलं. खाली कमेंट, "आजी, खालून ज्वालामुखी येतोय का?" आणि माझ्याच मित्रांनी तो पुढं पाठवला. तुम्ही? तुमच्या घरात १९९३ चा भूकंप कुणी पाहिलेला नाही का?

तर ज्वालामुखीचंच सांगतो.

कोलंबियात नेवाडो डेल रुईझ नावाचा डोंगर आहे. उंची ५,३०० मीटरच्या आसपास, माथ्यावर बारमाही बर्फ. तिथं समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो, सोबत पाणी नेतो. त्या पाण्यामुळं खोलवरचा खडक वितळतो आणि वायूनं भरलेला तो रस वर चढतो. १९८५ मध्ये हा डोंगर कितीतरी महिने धुमसत होता. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढून दिला, त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवलेलं होतं. १८४५ साली तिथंच असा लोंढा आला होता. गाव त्याच गाळावर वसलेलं.

१३ नोव्हेंबरला दुपारनंतर राख पडू लागली. लोक घाबरले. त्यांना सांगितलं गेलं, शांत राहा, घरात बसा. रात्री नऊनंतर मोठा स्फोट झाला. लाव्हा गावापर्यंत आलाच नाही. तापलेल्या राखेनं माथ्यावरचं बर्फ वितळवलं, ते पाणी माती-धोंडे ओढत नदीतून खाली निघालं आणि दोन-अडीच तासांनी झोपलेल्या आर्मेरोत शिरलं. दोन-अडीच तास होते हो हातात! लेकरं काखेत घेऊन टेकडी चढता आली असती. २३,००० च्या आसपास माणसं गेली.

"घरात बसा" म्हटलं की मला मावशीची सासू आठवते.

किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव. १९९२ च्या पावसाळ्यात धक्के सुरू झाले तशी म्हातारीनं घरात झोपणंच सोडलं. खळ्यात गोधडी टाकायची. गाव म्हणायचं, "म्हातारीला याड लागलंय." मग जीपमधून एक साहेब आले, चावडीवर सगळ्यांना बोलावलं आणि सांगून गेले की काही होत नाही, घरात झोपा.

मान्य आहे, भूकंप कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही. ज्वालामुखी निदान बहुतेक वेळा आधी खुणा देतो. साहेबांना तरी काय ठाऊक असणार? पण "आम्हाला माहीत नाही, तुम्ही सांभाळून राहा" एवढं म्हणायला काय जात होतं?

असं म्हणणारी माणसं असतात. फिलिपिन्समधला पिनातुबो पाचशे वर्षं गप्प होता, १९९१ च्या एप्रिलमध्ये वाफा सोडू लागला. रेमुंडो पुनोंगबायन यांची तिथली ज्वालामुखींवर नजर ठेवणारी संस्था आणि अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ डोंगराला यंत्रं लावून बसले. अमेरिकेचं ते पथक आर्मेरोनंतर मुद्दाम तयार केलेलं. त्यांनाही भीती होतीच की गावं उठवली आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? तरी ते बोलले. क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ नवरा-बायकोनं जगभर फिरून टिपलेली ज्वालामुखींची दृश्यं अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली, म्हणजे येणार काय ते डोळ्यांना कळावं. त्याच वर्षी ३ जूनला ते दोघं जपानमध्ये उंझेन ज्वालामुखीवर मरण पावले. १५ जूनला पिनातुबो फुटला तेव्हा डोंगराजवळचे हजारो लोक आधीच हलवलेले होते. निदान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे. सगळं गोड झालं असंही नाही. छावण्यांत गोवरानं तिथल्या आएटा आदिवासींची लेकरं दगावली. त्याचं उत्तर कुणाकडं नाही.

आणि जी माणसं फुटण्याच्या दिवशी गेली, त्यातली बहुतेक कशानं गेली? छतं कोसळून. नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ आलं, राख पावसानं भिजली, जड झाली, छपरं खाली आली.

हे वाचताना मला मावशीचं माळवदच दिसलं. लाकडाच्या सऱ्यांवर हातभर माती, दरवर्षी वर आणखी चढवलेली. खाली दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. तो काळा दगडसुद्धा लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं थरावर थर पसरून थिजलेला. आज मराठवाड्यात जिवंत ज्वालामुखी नाही, फुटणारही नाही. तसले फॉरवर्ड पाठवून लोकांना घाबरवणारेही मला तितकेच नकोत.

थंडी पडली, धक्के कमी झाले, लोक हसत होते. मावशीनंच हाताला धरून सासूला आत आणलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं. पहाटे ३.५६. मावशीला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. सासूला दुसऱ्या दिवशी.

आता लिहिता लिहिता राग उतरत चाललाय. ते पोरगं काही वाईट नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन बसणार आहे.

तुम्ही एवढं करा. गावाकडं अजून माळवद असेल, तर म्हाताऱ्यांची आणि लेकरांची झोपायची जागा तिथून हलवा. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात, ते उतरवा आणि पत्रे हुकांनी आवळून घ्या. कुणाला मिस्त्री मिळत नसेल तर मला फोन करा, आमच्याकडचा एकजण येईल म्हणालाय.