टाके देखणे आहेत हो, पण भूल कोण बघत होतं?

कुत्र्यामांजराचं ऑपरेशन झालं की मोबाईलवर फोटो येतो. पोटावर इंचभर रेघ, सुबक टाके, खाली 'स्पे सक्सेसफुल', म्हणजे नसबंदी पार पडली, आणि हसरा इमोजी. मालक खूश, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, डॉक्टरांना पाच तारे. संताप येतो तो याच फोटोचा. पोट उघडं असताना नाडी किती होती, श्वास कसा चालू होता, अंग किती गार पडलं होतं, कात्री कुठून आली, आत बांधलेला दोरा कसला, शुद्धीवर येताना शेजारी कोण होतं, यातलं काहीही त्या फोटोत नसतं. आणि कित्येक क्लिनिकांत ते कागदावरही नसतं, कारण कुणी बघितलेलंच नसतं.

महागडी यंत्रं नाहीत म्हणून ओरड असती तर समजून घेतलं असतं. वगळलं जातं ते सगळं स्वस्तातलं. बाहेर एसी, काचेचं दार, आयात केलेल्या खाण्याची भिंतभर मांडणी, ग्रूमिंगला वेगळी खोली. आणि आत वजनकाट्याचा सेल सहा महिन्यांपूर्वी संपलेला.

त्या काट्यापासूनच सुरुवात करू. 'तीन-चार किलो असेल' म्हणत मांजरासाठी सिरिंज भरली जाते. मांजर तीन किलोचं आणि डोस चार किलोचा, म्हणजे औषध सरळ एक तृतीयांश जास्त. तान्ह्या बाळाचा साधा वजनकाटा हा प्रश्न कायमचा मिटवतो. पण नाही, 'आमचा अंदाज चुकत नाही'. झायलाझिन आणि केटामाइन या भुलेच्या औषधांच्या जोडीवर आपल्याकडे अजून सर्रास काम चालतं. त्यातलं झायलाझिन नाडी मंदावतं, श्वास दाबतं आणि मांजराला बऱ्याचदा उलटी करायला लावतं. म्हणून पोट रिकामं हवं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यामांजराला सहा ते आठ तास अन्न बंद, पाणी चालतं. इथे फोनवर सांगतात, 'रात्री बारानंतर काही देऊ नका', आणि ऑपरेशन होतं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, कारण त्याआधी डॉक्टरांची ओपीडी उरकत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लालाही तोच नियम! इतक्या लहान जिवाला एक-दोन तासांवर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, मग ते भुलेतून उठायला वेळ लावतं आणि सगळे म्हणतात, 'याला भूल जास्तच चढली.'

केटामाइनमध्ये डोळे उघडे राहतात आणि पापणी मिटत नाही. डोळ्यांत मलमाची एक रेघ ओढायची असते, नाहीतर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. हे मलम किती रुपयांचं असतं, कुठल्याही मेडिकलमध्ये विचारून बघा.

आता माणसांचं बोलू. टेबलापाशी एक डॉक्टर आणि एक मदतनीस. हाच मदतनीस पाय धरतो, कापूस देतो, बेल वाजली की दार उघडतो, फोन घेतो, पलीकडच्या खोलीत शॅम्पूत उभ्या असलेल्या लॅब्राडॉरवर नजर ठेवतो. भूल दिलेल्या जनावराच्या डोक्याशी बसून दर पाच मिनिटांनी आकडे लिहायला उरतं कोण? अहो, फार काही नको. स्टेथोस्कोप घेऊन एक शिकवलेला माणूस तिथे बसवा, ज्याला दुसरं काम नाही. नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, जबडा किती सैल आहे, एवढं त्याने पाहायचं आणि लिहायचं. पल्स ऑक्सिमीटरची क्लिप जिभेवर लावली तर ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर राहायला हवा. रक्तदाबाचं यंत्र असेल तर सरासरी दाब ६० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात कुत्र्यामांजरांच्या भुलेचा मोठा अभ्यास झाला. साधारण ६०० कुत्र्यांमागे एक आणि ४०० मांजरांमागे एक मृत्यू, आणि ही सगळी सोय असलेल्या देशाची गोष्ट. मांजरांच्या बाबतीत नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवलं तिथे धोका कमी निघाला. कुत्र्यांचे जवळजवळ निम्मे आणि मांजरांचे त्याहून जास्त मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे होते, तेही बहुतेक पहिल्या तीन तासांतले. म्हणजे ज्या तीन तासांत आपल्याकडे जनावर चादरीत गुंडाळून रिक्षात घातलेलं असतं, नेमके तेच! 'गुंगी उतरेल घरी गेल्यावर, काळजी करू नका.' उतरली नाही तर रात्री फोन कोण उचलतो हेही एकदा सांगून टाका.

पग, पर्शियन असल्या चपट्या नाकाच्या जनावरांना तर चांगली शुद्ध येऊन ती ट्यूब चावायला लागेपर्यंत श्वासनळीतली ट्यूब काढायची नसते. इथे मुळात ट्यूबच घातलेली नसते. 'छोटं ऑपरेशन आहे, वीस मिनिटांचं.' श्वास थांबला तर चार मिनिटंही पुष्कळ होतात. ट्यूब, ती घालताना घसा दिसावा म्हणून लागणारा लॅरिंगोस्कोप आणि हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा हाताशी असावा, शोधत बसायची वेळ येऊ नये. शिरेत कॅन्युला (सलाईन-औषधासाठीची बारीक नळी) आधीच लावलेली असावी, कारण दाब कोसळल्यावर मांजराची शीर सापडत नाही. आणि सलाईन लावलं तर मोजून लावा. भुलेत मांजराला किलोमागे तासाला ३ मिली, कुत्र्याला ५ मिलीपासून सुरुवात करतात. तीन-सव्वातीन किलोच्या मांजराला तासाला जेमतेम १० मिली झाले, बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला दहा थेंब. तिथे ५०० मिलीची बाटली टांगून साध्या सेटचा रोलर मोकळा सोडलेला असतो. फुप्फुसात पाणी भरलं की निदान तयार: 'हार्ट वीक होतं.'

गारठ्याकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. कुत्र्यामांजराचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. भूल, भादरलेलं पोट, त्यावर ओतलेलं स्पिरिट, खाली स्टीलचं टेबल, वर १८ वर लावलेला एसी. लहान मांजर पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने गार पडतं. गार पडलेलं शरीर औषध हळू पचवतं, रक्त नीट गोठत नाही, शुद्ध उशिरा येते. खाली जाड टॉवेल, पंजांना बबल रॅप, कोमट सलाईन, एसी बंद. खर्च? जवळपास शून्य. आणि मग कुणाला तरी दया येते आणि गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावली जाते. बेशुद्ध जनावर अंग काढून घेऊ शकत नाही. चार-पाच दिवसांनी कातडी सुटते तेव्हा मालकाला सांगतात, ॲलर्जी आली.

उपकरणांचा विषय काढला की डॉक्टर नाराज होतात. होऊ देत. ट्रेमध्ये जंतुनाशक पाण्यात बुडवलेल्या कात्र्या आणि चिमटे म्हणजे निर्जंतुक उपकरणं नव्हेत. स्पिरिटने जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या दोन टक्के द्रावणातही निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात, दोन ऑपरेशनांच्या मधल्या चहाच्या वेळेत ते होत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, आहे म्हणता? उघडून दाखवा. कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह असेल तर आधी आतली सगळी हवा वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यावी लागते, मगच व्हॉल्व्ह बंद. हवा आत अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो आणि तापमान १२१ अंशांपर्यंत पोचलेलंच नसतं. वेळ मोजायची ती दाब चढल्यानंतर, शेगडी पेटवल्यापासून नाही. कापडात गुंडाळलेल्या पॅकला तीस मिनिटं. पॅक कोंबून भरले तर मधल्यापर्यंत वाफ जात नाही. ओलं निघालेलं पॅक तसंच वापरलं तर ओल्या कापडातून जंतू सरळ आत. पॅकवर बाहेरून लावलेल्या, तापल्यावर रंग बदलणाऱ्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे पॅकला बाहेरून ताप लागला, एवढंच. आतलं कळायला आत तशीच रंग बदलणारी पट्टी ठेवावी लागते. शंभराच्या खोक्यातून ओढलेले ग्लोव्हज तपासणीचे असतात. ऑपरेशनचे कागदी पाकिटात, साडेसहा-सात नंबर लिहिलेले येतात. केसही त्याच टेबलावर भादरायचे, तेही दाढीच्या ब्लेडने, आणि केस उडत असतानाच शेजारी ट्रे उघडायचा. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतूंची सोय होते, म्हणून ट्रिमर लागतो आणि भादरणं दुसऱ्या खोलीत लागतं.

या सगळ्याची भरपाई कशाने? पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक. रोज या, रोज टोचा, रोज बिल. निरोगी कुत्रीची नसबंदी हे स्वच्छ ऑपरेशन आहे. द्यायचंच झालं तर चीर देण्याआधी तासाभरात एक डोस पुरतो. पाच दिवसांची इंजेक्शनं ही ऑटोक्लेव्ह न लावण्याची किंमत आहे आणि ती मालक भरतो.

आतला दोरा तर कुणी विचारतच नाही. अंडाशयाच्या रक्तवाहिन्या बांधायला विरघळणारा धागा लागतो, पाकीटबंद. पॉलीग्लॅक्टिन चालतं, क्रोमिक कॅटगटही चालतं. काही ठिकाणी स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेल्या रिळावरून लिननचा नाहीतर रेशमाचा दोरा ओढतात. तो विरघळत नाही, त्याच्या पिळांत जंतू दडतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, कुत्रीच्या कुशीत भोक पडून पू वाहू लागतो. औषध दिलं की बंद, थांबवलं की पुन्हा सुरू. पोट परत उघडून तो दोरा काढेपर्यंत हे थांबत नाही. तोवर मूळ ऑपरेशनचा फोटो कुणाच्या लक्षातही नसतो. पोट शिवण्याआधी गॉझचे (रक्त टिपायच्या जाळीदार कापडाचे) तुकडे मोजायची पद्धत किती जणांकडे आहे, हा आणखी एक प्रश्न. दहा काढले, दहा परत आले. पहिलीतल्या पोराला जमेल.

ऑपरेशनआधी रक्त तपासायचं म्हटलं की 'कशाला उगाच खर्च'. आपल्याकडे गोचीड ताप घरोघरी आहे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या, नीट जेवणाऱ्या कुत्रीच्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या जागी चाळीस हजार असू शकतात, आणि ते पोट उघडल्यावर कळतं. (मांजरांत मशीन प्लेटलेट्स कमी दाखवतं, कारण त्या एकमेकींना चिकटतात. काचपट्टीवर बघितल्याशिवाय घाबरू नये.) सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), बिलाच्या मानाने किरकोळ रक्कम.

आणि दुखणं? 'प्राण्यांना एवढं दुखत नाही', 'दुखलं म्हणजे गप्प पडून राहील, टाके सुटणार नाहीत'. साडेपाच वर्षांची पदवी घेऊन हे बोलायला काही वाटत नाही? चिरेच्या जागी लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध टोचणं दोन मिनिटांचं काम आहे. झायलाझिनचा असर उतरला की कुत्री थरथरत कोपऱ्यात बसते, रात्री मालक घाबरून घरातली गोळी देतो. मांजराला पॅरासिटामॉल! एका गोळीत मांजर मरतं, चेहरा सुजून, हिरड्या तपकिरी पडून, कारण त्याच्या यकृताला ते पचवताच येत नाही. कुत्र्याला माणसांची मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाची 'अर्धी गोळी': १५ मिलिग्रॅमची अर्धी म्हणजे साडेसात, आणि दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी २ आणि मग रोज १ मिलिग्रॅम पुरतं. वर कुणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलेलं असेल तर पोटात अल्सर ठरलेला. दोष मात्र मालकाचा, का तर 'विचारल्याशिवाय दिलीच कशी?' घरी जाताना वेदनाशामक मोजून दिलं असतं, तर तो कशाला शोधत बसला असता?

पार्व्हो या संसर्गजन्य विषाणूने आजारी पिल्लू आणि लसीला आलेलं पिल्लू एकाच टेबलावर, मध्ये फिनाईलचा एक हात. फिनाईलने पार्व्हो मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, आधी घाण पुसून, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. सांगून झालंय, पुढे जाऊ.

बचाव ठरलेला आहे: लोक पैसे देत नाहीत. ते अर्धं खरं आहे. बाराशेच्या टेनिस बॉलला हो म्हणणारे लोक भुलेच्या दोन हजारांवर घासाघीस करतात आणि 'तिकडे निम्म्यात झालं' म्हणून ऐकवतात. पण वजनकाटा, थर्मामीटर, डोळ्यांचं मलम, टॉवेल, गॉझची मोजणी आणि मदतनीसाला दार उघडायला न पाठवणं, यात लोकांच्या खिशाचा काय संबंध? माणसांच्या नर्सिंग होमला महाराष्ट्रात १९४९ चा नोंदणी कायदा आहे. पशुवैद्यकांसाठी १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, तो डॉक्टरची नोंदणी बघतो. टेबलापाशी माणसं किती होती, हे बघायला कोण येतं?

तेव्हा विचारा. भूल कोण देणार, ऑपरेशन कोण करणार, आणि ही दोन वेगळी माणसं आहेत का. वजन समोर करा. भुलेचा तक्ता नंतर मला मिळेल का. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कागदावर आहे का. जनावर मान धरून बसेपर्यंत इथे ठेवणार ना. समोरून येतो तो एक कागद, वर एकच ओळ: 'काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी माझी.' सही करू नका. औषधांची नावं, डोस, धोके आणि ऑपरेशनचं नाव लिहिलेला कागद मागा, आणि 'आमच्याकडे असं काही नसतं' म्हणाले तर सुई टोचायच्या आत जनावर उचलून घरी आणा.