‘प्रत्येक बास परत सोडा’ हा सल्ला तळ्याला मानवत नाही

अमेरिकेत खासगी तळ्यांवर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: पकडलेला प्रत्येक लार्जमाउथ बास (इतर मासे खाणारा गोड्या पाण्यातला मासा) परत सोडावा, म्हणजे तळे मोठ्या बासनी भरेल, नाही भरले तर आणखी बास सोडावेत, पुढचे निसर्ग पाहून घेईल.

‘जगला की वाढेल’ हे यातले पहिले गृहीतक. बासचे वजन एक पौंडाने वाढायला साधारण दहा पौंड भक्ष्य लागते आणि अशा तळ्यात ते मुख्यतः ब्लूगिल या लहान माशाच्या पिल्लांतून मिळते. बासची दाटी झाली की ही पिल्ले वाढण्याआधीच फस्त होतात. मग गळाला लागतात ते दहा-बारा इंचांवर खुंटलेले, डोके मोठे आणि पोट खपाटीला गेलेले बास. याउलट वाचलेले मोजके ब्लूगिल तळहाताएवढे होतात. तळहाताएवढे ब्लूगिल पाहून मालक खूश होतो, पण बासच्या उपासमारीची खूण तीच असते.

आणखी बास सोडणे म्हणजे खाणारी तोंडे वाढवणे. अलाबामातील ऑबर्न येथे मत्स्यतज्ज्ञ होमर स्विंगल यांनी बसवलेल्या पद्धतीत खत दिलेल्या तळ्यात एकरी 1,000 ब्लूगिल आणि 100 बास सोडले जात, तेही ब्लूगिल आधी आणि बास नंतर. पुढे बासची वीण तळ्यातच होते.

निसर्गाच्या भरवशाचे म्हणाल, तर स्विंगल यांनी 1950 मध्ये भक्ष्य आणि शिकारी माशांच्या एकूण वजनांचे 3 ते 6 हे गुणोत्तर, म्हणजे शिकाऱ्यांच्या तीन ते सहापट भक्ष्य, सर्वांत इष्ट मानले होते. बांध घालून केलेल्या तळ्यात ते बिघडले, तर वर्षानुवर्षे बिघडलेलेच राहू शकते. म्हणून दाटी झालेल्या तळ्यातून बारा इंचांखालचे बास काढून खावेत आणि बारा ते पंधरा इंचांचे परत सोडावेत. तळ्याच्या सुपीकतेनुसार वर्षाला एकरी 10 ते 25 पौंड बास काढणे ही नासधूस नव्हे, निगा आहे.

सल्ला लागू पडतो अशीही तळी आहेत. जूनमध्ये काठालगत ओढजाळे फिरवल्यावर तीन ते पाच इंचांचे ब्लूगिल ढिगाने आले आणि बासचे एकही पिल्लू दिसले नाही, तर तिथे बास कमी पडले आहेत. अशा तळ्यात पकडलेला प्रत्येक बास खुशाल परत सोडावा.